स्वतःची शैली बांधताय? हे सामान घ्या, हे दुकानातच राहू द्या

थोडं कराटे, थोडं बॉक्सिंग, तालमीतले चार डाव आणि मोबाइलवर बघून उचललेलं ब्राझिलियन जुजुत्सू एकत्र करून स्वतःची शैली बांधणारे आता गल्लोगल्ली आहेत. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. आज परंपरा म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच शैली कुणा एकानेच अशा जुळवलेल्या आहेत. कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी मंदिरात बारा तातामींवर (गवती चटयांवर), नऊ शिष्य घेऊन ज्यूदो सुरू केला. तेव्हा त्यांच्या गाठीला तेन्जिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या दोन घराण्यांचं शिक्षण होतं आणि डावही बरेचसे तिथलेच होते. नवं काय केलं, तर समोरचा जीव तोडून विरोध करत असतानाही ज्यांचा रोज सराव होऊ शकतो असे डाव खुल्या लढतीत ठेवले आणि ठोसे-लाथांसारखे धोक्याचे प्रकार ठरीव कातामध्ये, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या सरावात, वेगळे काढले.

म्हणजे पूर्ण जोर लावून काय करता येतं, यावर शैलीत काय टिकणार हे ठरतं. आणि पूर्ण जोर कुठे लावता येईल हे सामान ठरवतं. तायक्वोंदोचं उदाहरण ताजं आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकपासून तिथे छातीच्या कवचात आणि पायमोज्यांत सेन्सर आले. गुण यंत्र देऊ लागल्यावर खेळाडू पुढचा पाय हवेत धरून तलवारबाजीसारखे टोचू लागले, कारण यंत्राला तेवढं पुरत होतं. शैली कुणी मुद्दाम बदलली नाही, कवच बदललं तशी ती बदलत गेली.

म्हणून खालचं परीक्षण थोड्या वेगळ्या नजरेने केलं आहे. शिवण, टिकाऊपणा यांचा विचार आहेच, पण पहिला प्रश्न असा की हे सामान तुमच्या शैलीबद्दल तुमच्याशी किती खोटं बोलतं.

ग्लोव्हज

पहिली खरेदी हीच होते आणि सर्वांत जास्त दिशाभूल हीच करते. १६ औंसाचा एक ग्लोव्ह साधारण साडेचारशे ग्रॅमचा असतो. असे दोन्ही हात वर धरून त्यांच्याआड तोंड लपवलं की निम्म्याहून जास्त ठोसे आपोआप अडतात. अडवते ती गादी. तुमच्या पवित्र्याला त्याचं श्रेय देऊ नका. हाच पवित्रा बोटं मोकळी असलेल्या ७ औंसाच्या ग्लोव्हजमध्ये घेऊन बघा, मूठ दोन हातांच्या फटीतून सरळ नाकावर येते. उलट बाजूने, १६ औंसात मनगट पकडता येत नाही, मान धरून ओढता येत नाही, म्हणून शैलीतल्या चांगल्या पकडीही निकामी वाटतात आणि काही जण त्या काढूनच टाकतात.

ग्लोव्ह अजिबात नको म्हणणाऱ्यांनी क्योकुशिन कराटेकडे बघावं. तिथे उघड्या मुठी, त्यामुळे स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी. परिणाम असा की लढणारे छातीला छाती भिडवून उभे राहतात आणि डोकं उघडं ठेवतात. त्या नियमांत ते बिनतोड आहे. पण ती सवय जशीच्या तशी उचलून स्वतःच्या शैलीत घातलीत, तर पहिल्याच बॉक्सरपुढे फजिती ठरलेली.

तेव्हा दोन जोड घ्या. ठोसे-लाथांच्या सरावाला १६ औंस. पकड आणि ठोसे एकत्र असतील तेव्हा ७ औंस, तळवा उघडा असलेले. ४ औंसाचे दिसायला रुबाबदार असतात, पण ते स्पर्धेसाठी आहेत. आपापसातल्या सरावाला ते वापरले की जोडीदार दुसऱ्या दिवशी येत नाही.

दुकानात बघायचं ते असं. बोटांच्या सांध्यांवरची गादी अंगठ्याने कचकचून दाबा. आतल्या हाताला अंगठ्याचं टोक जाणवलं तर ठेवून द्या. हाताला पट्टी गुंडाळूनच ग्लोव्ह घालून बघा आणि मूठ सहज मिटते का ते तपासा, कारण मूठ मिटायला जोर लागत असेल तर तिसऱ्या फेरीपर्यंत ती अर्धी उघडलेली असते आणि बोट मुरगळतं. अंगठा मुख्य पाकिटाला पट्टीने शिवलेला हवा. मोकळा अंगठा डोळ्यात जातो. मेरठ-जालंधरच्या मालात चांगलं आणि टाकाऊ दोन्ही मिळतं, त्यामुळे नावापेक्षा शिवण बघा आणि छापील औंसावर विसंबू नका. शक्य असेल तर काट्यावर टाका. हाताची पट्टी १८० इंची, म्हणजे साडेचार मीटरची घ्या. १०८ इंचीत सांधे झाकले की मनगटाला काही उरत नाही.

गादीची काठी

शस्त्राचा भाग असलेल्या शैलीला ही काठी हवीच, आणि ती विकत घेण्यापेक्षा घरी चांगली बनते. कल्पना जुनी आहे. जपानात अठराव्या शतकात नागानुमा आणि नाकानिशी या गुरूंनी बांबूची शिनाई (सरावाची तलवार) आणि अंगावरचं चिलखत सरावात रुळवलं, तेव्हा पूर्ण वेगाने वार करून बघता आले; आजची केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, त्यातूनच निघाली. आपल्याकडच्या फरी-गदग्यात कातडं मढवलेली काठी आणि छोटी कातडी ढाल असते, ती याच कामासाठी. मर्दानी खेळ शिकलेल्यांनी स्वतःचं काही बांधताना निदान ही जोडी तरी सोडू नये. नुसत्या लाठी फिरवण्यात हात मोकळा होतो, वेग येतो, प्रात्यक्षिकाला टाळ्या पडतात. पण समोरून वार आल्यावर काय होतं ते फरी-गदग्यातच कळतं.

घरी करायची तर अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपचा २८ इंची तुकडा घ्या. साधा पांढरा पीव्हीसी नको, तो तडकून धारदार कपच्या उडवतो. आधी पूर्ण पाइपवर कापडी चिकटपट्टी आडवी गुंडाळा, म्हणजे आतून तुटला तरी तुकडे बाहेर येत नाहीत. मग एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ते काळं रबरी इन्सुलेशन चढवा. मुठीसाठी खाली सहा इंच मोकळे सोडा. टोकाला मात्र इन्सुलेशन पाइपच्या दोन इंच पुढे राहू द्या आणि पाइपच्या तोंडावर रबराची जाड चकती बसवा. ही चकती नव्वद टक्के लोक विसरतात. तिच्याशिवाय दहा-बारा भोसकण्यांत पाइपची कड इन्सुलेशन कापून बाहेर येते आणि कुणाच्या तरी गळ्याशी लागते. शेवटी सगळ्यावर कापडी टेप, पण सैल. ताणून गुंडाळली तर गादी दबते आणि काठी पुन्हा कडक होते.

हिचं खोटं वजनात आहे. पाइपची काठी वेताच्या काठीपेक्षा हलकी, म्हणून नुसत्या मनगटाच्या झटक्याने तीन-तीन वार बसतात आणि शैली शिवाशिवी होऊन बसते. इन्सुलेशनच्या आत पाइपऐवजी वेतच घातला तर वजन खरं येतं, पण मग तोंडावर जाळी लागते. तलवारबाजीचा मास्क चालतो. मात्र तो समोरच्या टोचण्यासाठी बनवलेला आहे, डोक्याच्या मागे जवळजवळ काही नसतं. मागे आणि वर जाड फोमची टोपी शिवून घ्या. जाळीला एकदा खोलगट पोचा आला की तो मास्क बाद, ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नका.

तयार माल हवा असेल तर शिनाई उत्तम. प्रौढ पुरुषांसाठीची ३९ मापाची शिनाई १२० सेंटिमीटरपर्यंत लांब आणि किमान ५१० ग्रॅम असते, त्यामुळे दोन हातांच्या वाराचा अंदाज खरा येतो. दर वेळी चारही पट्ट्यांवरून कापड फिरवा. धागा अडकला तर तिथे कूस निघाली आहे. अशी कूस मास्कच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकते.

खोटा चाकू

रबरी चाकू घेऊ नका. तो वाकतो, म्हणून पातं मुठीत पकडायची सवय लागते आणि ‘चाकू हिसकावणे’ नावाचा अख्खा धडा त्या वाकण्यावर उभा राहतो. अॅल्युमिनियमचा बोथट चाकू फक्त संथ सरावाला ठीक. खरी परीक्षा स्वस्त आहे: कडक फोमचा किंवा लाकडी बोथट चाकू, त्याच्या कडेला लिपस्टिक किंवा ओला रंग, दोघांच्या अंगात पांढरे बनियन, डोळ्यांवर पारदर्शक कामगार-गॉगल. हल्लेखोराला एकच सूचना द्या, की चाकूचा हात मागे ओढून पुन्हा पुन्हा मार. एका वारानंतर हात पुढे गोठवून उभं राहायचं नाही. तीस सेकंदांनी बनियन बघा. जी शैली मनगट पकडून फिरवण्यावर उभी आहे, तिच्या बनियनवर पोटापासून बगलेपर्यंत रेघा असतात. या एका प्रयोगाने जेवढे दिखाऊ डाव गळतात तेवढे वर्षभराच्या चर्चेने गळत नाहीत. सगळ्या सामानात पैशाला पैसा वसूल म्हणायचा तर हाच.

मॅट

कानोंच्या ज्यूदो शाळेच्या, म्हणजे कोडकानच्या, त्या बारा तातामी म्हणजे साधारण २० चौरस मीटर, दोनशे चौरस फुटांच्या थोडं वर. तेवढी जागा लागतेच असं नाही, पण दोन माणसं एकमेकांना फेकणार असतील तर ४ बाय ४ मीटर हवं, म्हणजे एक मीटरी १६ फरश्या.

ऑनलाइन मिळणाऱ्या जोडकोड्याच्या ईव्हीए (फोमच्या) मॅट २० ते ४० मिलिमीटर जाडीच्या असतात. २० मिमी ठोसे-लाथा आणि पवित्र्याला ठीक. फेकायचं असेल तर ४० मिमीच्या खाली जाऊ नका, आणि नुसत्या जाडीवरही जाऊ नका. मऊ फोम ४० मिमी असला तरी दबून फरशीला टेकतो. एक गुडघा टेकवून त्यावर पूर्ण वजन द्या. खालची फरशी जाणवली तर ती मॅट फेकण्याच्या कामाची नाही. शिवाय अति मऊ मॅटमध्ये पाऊल रुततं आणि वळताना गुडघा पिळवटतो. फेकणाऱ्याचे गुडघे पडणाऱ्याच्या पाठीआधी जातात.

दुसरी तक्रार सांध्यांची. पॉलिश केलेल्या फरशीवर मॅट सरकतात, फट पडते आणि नेमकं त्याच फटीत पायाचं बोट अडकतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसेल असं माप घ्या, नाहीतर चारही बाजूंनी लाकडी पट्टीची चौकट करून घ्या. दुहेरी चिकटपट्टी महिनाभरात धूळ खाऊन सुटते.

तालमीतली माती हा वेगळाच प्रकार. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळून मऊ ठेवलेली असते, पण गुडघ्यावर घसरत पायात शिरायला ती मॅटसारखी साथ देत नाही. तिथे पकड जांघियाची, वेळेचं बंधन सैल आणि शेवट चीतपटाने. मातीतला डाव उचलून स्वतःच्या शैलीत घेताना पकड कशाची हे आधी ठरवा. जांघियाच्या जागी जीन्सचा पट्टा धरता येतो का, आणि पट्टाच नसेल तर डाव उरतो का, हे मॅटवर शंभर वेळा करून बघण्याची गोष्ट आहे. धोबीपछाड हात आणि खांद्याच्या पकडीवर चालतो, म्हणून तो कपडे बदलले तरी टिकतो. सगळ्यांचं तसं नाही.

जॅकेट

हाच मुद्दा जपानी गणवेशाचा. ज्यूदोचं जाड विणीचं जॅकेट घातलं की बाही-कॉलर म्हणजे हँडल हातात आल्यासारखं होतं आणि प्रत्येक फेक सोपी वाटते. तोच डाव घट्ट टी-शर्टवर घाम आल्यावर करा. शैली रोजच्या कपड्यांसाठी असेल तर महागडं डबल विणीचं घेण्याची गरज नाही. एक साधं सिंगल विणीचं आणि जुन्या बाजारातली दोन डेनिम जॅकेटं बास. सुती जॅकेट पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं, तेव्हा बाही मनगटापर्यंत असताना घेऊ नका, दोन बोटं लांबच घ्या.

छोटं पण न टाळण्यासारखं

माउथगार्ड उकळून चावायचा घ्या आणि बसवताना घाई करू नका. पाणी उकळलं की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, मग पाकिटावर लिहिलेल्या सेकंदांइतकंच बुडवा. खळखळत्या पाण्यात टाकला की गोळा होतो. बाहेर काढून क्षणभर गार पाण्यात, मग वरच्या दातांवर बसवून हवा आत ओढा आणि बाहेरून गालावर बोटांनी दाबा. दाढांनी करकचून चावू नका. तिथली जाडी गेली की नेमका जबड्याचा धक्का थेट लागतो. तोंड उघडल्यावर तो आपोआप खाली पडत असेल तर पुन्हा उकळा.

क्रिकेटचा एल-गार्ड (जांघेचं कवच) आहेच घरात म्हणून तोच घालणारे पुष्कळ. तो समोरून येणाऱ्या चेंडूसाठी आहे, खालून आलेल्या लाथेने सरकून कडेनेच इजा करतो. कमरेच्या पट्ट्याचा वेगळा घ्या.

हेडगार्डबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. तो भुवई फुटण्यापासून, कान चिरडण्यापासून वाचवतो. कवटीच्या आत मेंदू हलतो तो थांबवणं त्याच्या हातात नाही. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून २०१३ साली हेडगार्ड काढला गेला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवायच लढले. त्यामुळे हेडगार्ड घातलाय म्हणून जोर वाढवणं हा सगळ्यात महाग मूर्खपणा. घ्यायचा तर गालावरची गादी कडेची नजर झाकत नाही ना, ते बघा.

पंचिंग बॅग

चांगली बॅग वाईट नाही, पण स्वतःची शैली फक्त बॅगवर बांधणाऱ्याला ती कायम होकारच देते. बॅग मागे सरत नाही, उलट मारत नाही, पाय धरत नाही. ताकद आणि अंतर यांपलीकडचं काही तिच्याकडून शिकता येत नाही. रिकामी घेतली तर चिंध्यांनी भरा, बटणं आणि चेन कापून. दर वीतभर भरल्यावर काठीने ठासा. वाळू भरू नका. ती खाली बसते आणि बॅगेचा तळ दगड होतो, वरचा भाग पोकळ राहतो. चार फुटी बॅग ३० ते ४० किलोंची भरते. पंख्याच्या हुकाला टांगण्याचा मोह आवरा; हुक स्थिर वजनासाठी आहे, झटक्यांसाठी नाही. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, मध्ये स्प्रिंग आणि फिरती कडी. स्प्रिंग नसेल तर धक्का थेट स्लॅबमध्ये जातो आणि वरच्या मजल्यावरचे लोक सोसायटीच्या बैठकीत विषय काढतात.

फोकस पॅड, म्हणजे जोडीदाराने हातात धरायच्या गाद्या, याहून उपयोगी, पण धरणारा शिकलेला हवा. बहुतेक जण पॅड ठोशाला भेटायला पुढे आणतात. आवाज छान येतो, मारणाऱ्याला वेगाचा भास होतो. पॅड हनुवटीच्या उंचीवर स्थिर धरा, अधूनमधून काढून घ्या आणि लगेच त्याच पॅडने हलकं परत मारा.

मोबाइल आणि पट्टा

एवढ्या सामानात निकाल देणारी वस्तू तुमच्या खिशात आधीच आहे. मोबाइल कोपऱ्यात कमरेच्या उंचीवर ठेवा आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या चित्रित करा. मग वहीत दोनच रकाने: डाव किती वेळा करू पाहिला, किती वेळा लागला. जोडीदाराला कोणता डाव तपासताय ते सांगू नका. नेहमीच्या जोडीदाराबरोबर लागणारा आणि दुसऱ्या क्लासमधून आलेल्या बॉक्सर किंवा पैलवानाबरोबर न लागणारा डाव हा त्या जोडीदाराच्या सवयीवर जगत असतो. त्याला शैलीत जागा देण्याआधी तीन वेगवेगळ्या अंगकाठीच्या माणसांबरोबर आकडा काढा.

‘आमचे वार इतके घातक की सराव करताच येत नाही’ असं सांगणाऱ्यांसाठी बाजारात सामान नाही, हे खरंच आहे. डोळा, गळा, गुडघ्याची वाटी यांवरचे वार कुठल्याही पॅडवर खरे उतरत नाहीत. ते शैलीत ठेवा हवं तर, पण लागतातच असं धरून त्यांच्या भरवशावर पुढचा डाव रचू नका.

याउलट, नाव भरतकाम केलेला काळा पट्टा, शैलीचं बोधचिन्ह, प्रमाणपत्रांचा छापील गठ्ठा ही खरेदी लोक सर्वांत आधी करतात. भरतकाम करणारे काम झकास करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोडकान सुरू झाल्यावर पहिली शोदान पदवी, म्हणजे आजच्या काळ्या पट्ट्याची पहिली पायरी, १८८३मध्ये, सायगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो या दोघांना मिळाली, आणि तीही रोजच्या खुल्या लढतींत उतरलेल्यांना. त्या पट्ट्याच्या पैशात ७ औंसाच्या ग्लोव्हजची निदान अर्धी किंमत निघते.

सामान सांभाळायचं तर पावसाळ्याचं बघा. पीयूचे (कृत्रिम चामड्याचे) ग्लोव्हज दमट हवेत सालं टाकतात आणि आतून कुबट वास धरतात. सराव संपल्यावर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली तोंड उघडं ठेवून वाळवा. बॅगेत बंद करून गाडीत ठेवलेत की संपलं. ईव्हीए मॅट धुऊन उन्हात टाकू नका, उष्णतेने त्या आक्रसतात आणि मग दात एकमेकांत बसत नाहीत. ओल्या फडक्याने पुसा आणि खालची बाजूही पंधरवड्यातून एकदा उघडी करा, नाहीतर फरशीवर काळी बुरशी धरते. गादीच्या काठ्या मात्र गच्चीवर ठेवूच नका. उन्हाने पाइप ठिसूळ होतो आणि टेपच्या आत ते दिसत नाही. महिन्यातून एकदा दोन्ही टोकं धरून हलकी वाकवून बघा, कट् आवाज आला की नवा तुकडा कापा.